गाताना घसा धरतो? तुमचे अनुभव लिहा

शेवंती:
काल शेजारची मुलगी चवथीच्या आरत्या म्हणत होती, वरच्या सुराला खांदे कानाला टेकत होते बिचारीचे, आणि मला आमच्या जत्रेतलं संगीत नाटक आठवलं. तिसऱ्या रात्री दुसऱ्या अंकात साधा सा लागेना. ज्येष्ठमध चघळून तशीच उभी राहिले, आवाज आणखी बसला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं, स्वरतंतूंच्या कडेला दोन बारीक गाठी, तांदळाच्या कणीएवढ्या. गाणं बंद. मग स्पीच थेरपीच्या बाईंनी चटईवर उताणं झोपवून पोटावर वही ठेवली, श्वास घेताना वही वर यायला हवी म्हणाल्या. माझी छातीच फुगायची, वही जागची हलेना! मग 'स्स्स' करत श्वास सोडायचा, बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. आधी आठ मोजेपर्यंत दम संपायचा, दोन महिन्यांनी पंचवीसपर्यंत गेले. गाठी शस्त्रक्रियेशिवाय विरल्या. तुमचं सांगा.

पेटीवाला_म्हापसा:
पट्टी कुठली होती ताई? आमच्याकडे पेटी काळी एकला, म्हणजे सा पहिल्या काळ्या पट्टीवर, पुरुषांच्या सोयीची. बायकांचा खाली आवाज निघत नाही, वर घ्यावं तर घसा आवळतो. यंदा बायकांच्या आरत्या काळी चारला, भांडून ठरवून घेतलंय.

घुमटवेडा:
घुमट (कातडं ताणलेलं मातीचं वाद्य) आणि शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) वाजायला लागले की आपलाच आवाज ऐकू येत नाही, माणूस ओरडतो. बाकी घोरपडीचं कातडं बंद झालं ते बरंच झालं, बकऱ्याच्या कातड्याचं घुमट पण छान बोलतं. २०१९ला गोवा सरकारने वारसा वाद्य केलंय हो आपलं घुमट!

मडगावची_माई:
भात शिजतोय, पटकन लिहिते. शेजारचे अंकल चर्चच्या क्वायरमध्ये गातात, त्यांनी शिकवलं, ओठ सैल सोडून फुर्रर करत सा पासून वरच्या सा पर्यंत जायचं. ओठ किंवा जबडा आवळला की फुर्र थांबतं, लगेच कळतं. आणि आवाज बसल्यावर कुजबुजू नका गे बायांनो, त्यानेही ताण येतो, गप्प राहा.

सांगेचा_पाऊस:
मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी उतरलं तेव्हा त्यात बुडालेल्या कुर्डीला गेलो होतो, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा गाव. देवळाजवळ उभं राहून सा लावला. उघड्यावर आवाज परत येत नाही म्हणून नकळत जोर लावत गेलो, पाच मिनिटांत घसा खवखवला. मग डोळे मिटून पोटातून सावकाश श्वास घेतला, हळू लावला, आणि तो टिकला. रडू आलं मला, खरं सांगतो.

शेवंती:
@सांगेचा_पाऊस वाचून काटा आला. थेरपीच्या बाईंनी अजून एक दिलेलं, अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. वरून हवेचा दाब मिळतो, त्यामुळे तंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत.

मडगावची_माई:
स्ट्रॉ कागदाची चालेल का गे? घरात तीच आहे.

शेवंती:
भिजून मऊ होते ती माई, शहाळ्यावाल्याकडून मागून घे एक.