बचत गटाचं कर्ज आणि भाजीचा धंदा: इंदूरकरांनो, अनुभव लिहा

सुदामानगर, राजेंद्रनगरात भाजी घेऊन येणाऱ्या कितीतरी बायका राऊ, सिमरोल, हातोदकडच्या. बऱ्याच जणी समूहातून, म्हणजे बचत गटातून, कर्ज काढतात. तुमच्या घरात, ओळखीत कुणी घेतलं असेल तर लिहा. योजनेची जाहिरात नको, हिशेब लिहा.

सांवेरची सून: आमचा समूह आजीविका मिशनचा, म्हणजे सरकारी योजनेतला. पहिल्यांदा दहा हजार उचलले, व्याज महिन्याला दोन रुपये शेकडा. गिलकीचं (घोसाळ्याचं) बी, मांडवाला बांबू आणि तार, शेणखत यांतच संपले. गिलकी लागायला दीड-दोन महिने, आणि हप्ता पहिल्याच महिन्यापासून! मग सासूबाईंनी कडेच्या वाफ्यांत मेथी टाकली. ती महिन्याभरात कापायला येते. मेथीवर हप्ते निघाले, गिलकीचे पैसे घरात आले. आधी बियाण्यासाठी आडत्याकडून उचल घ्यायचो. मग माल त्याच्याकडेच टाकायचा आणि भाव तो म्हणेल तो. आता चोइथराम मंडीत चार ठिकाणी विचारून माल उतरवते. जुन्या आडत्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

पेन्शनर, रामबाग: नाबार्डने (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) १९९२ साली गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली तेव्हा मी बँकेच्या नोकरीत नवा होतो. तारणाशिवाय कर्ज म्हटलं की साहेबांच्या कपाळाला आठ्या. (पुढे साहेब मीच झालो, आठ्यांसकट.) पण गटाची वही चोख असली, बचत किती, उचल किती, परतफेड किती, की नाही म्हणायला जागा राहत नसे.

महूकर: एवढं गोड नाही हो. वहिनीने खासगी कंपनीकडून घेतलं, हप्ता आठवड्याचा. सगळ्या रानात टोमॅटो. भाव असा पडला की क्रेटचं भाडंही सुटेना. एकीचा हप्ता थकला की गटातल्या बाकीच्यांनी भरायचा, म्हणून शेजारणीच दारात येऊन बसल्या. शेवटी दुसरीकडून कर्ज काढून पहिलं फेडलं.

गप्पिष्ट: आमच्या गावी कर्ज बायकोच्या नावावर, मोटारसायकल नवऱ्याच्या. भाजी कुठंय?

सांवेरची सून: आमच्याकडेही झालंय तसं. आता बी-खताचं बिल मीटिंगमध्ये दाखवावं लागतं.

स्नेहलतागंज: नणंदेने २०२० मध्ये आलेल्या स्वनिधीतून (फेरीवाल्यांची सरकारी कर्ज योजना) दहा हजार घेतले, काटा आणि ठेला घेतला. वेळेवर फेडले म्हणून पुढे वीस मिळाले. जागेवरून भांडणं मात्र रोजची. ठेला उभा करायला जागा मिळेल असं कुठलं कर्ज असतं, कुणी सांगेल?