दहा वर्षांनी आपलं गूगलवाचून किती अडेल? अंदाज बांधायचाय

निवांत_कोथरूड
डोक्यात एक किडा वळवळतोय. २०३५ साली माझं गूगलवाचून किती अडेल, याचा अंदाज आत्ता बांधता येईल का? वहीत यादी करायला घेतली, जीमेल, मॅप्स, फोटोज, यूट्यूब, ड्राइव्ह, क्रोम, जीपे, आणि फोन अँड्रॉइड आहे ते वेगळंच. प्रत्येकापुढे 'तेव्हा वापरेन की नाही' लिहायचं होतं पण पेन पुढे सरकेना, कारण हीच यादी २०१० ला केली असती तर ऑर्कुट, रीडर आणि पिकासा या गूगलच्या तेव्हाच्या सेवांपुढे मी डोळे झाकून 'हो' लिहिलं असतं. रीडर २०१३ ला बंद, ऑर्कुट २०१४ ला, पिकासा २०१६ ला. आणि जीपे तर त्या यादीत नसतंच, ते तेज नावाने आलंच २०१७ ला. मग अंदाज बांधायचा कशाच्या जोरावर? ('सगळं सोड, लिनक्स टाक' वाल्यांनी जरा दम धरा, घरी आई पण गूगलच वापरते.)

जुना_खातेदार
सर्व्हिसेसची यादी करून काही कळणार नाही रे. सर्व्हिस येतात जातात, खातं तेच राहतं. ऑर्कुट गेलं पण तुझा जीमेलचा पत्ता गेला का? बँक, डीमॅट, पीएफ, विमा सगळीकडे तोच पत्ता दिलेला असणार, शिवाय वीसेक ॲपमध्ये पासवर्ड न टाकता 'गूगलने साइन इन' केलेलं असणार ते वेगळं. तर यादी अशी कर, उद्या सकाळी खातं उघडलंच नाही तर काय काय ठप्प होईल.
हे उगाच भीती घालायला सांगत नाही. २०२१ मधली सॅन फ्रान्सिस्कोची केस आहे, पुढच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने छापली होती. बापाने डॉक्टरला दाखवायला आजारी पोराचा फोटो काढला, गूगलच्या सिस्टिमने तो आक्षेपार्ह ठरवला आणि खातं बंद. मेल, फोटो, कॉन्टॅक्ट तर गेलेच पण फोन नंबरही गूगल फाय या त्यांच्याच मोबाइल सेवेचा होता म्हणून तोही गेला, त्यामुळे दुसरीकडे लॉगिन करायला कोडसुद्धा येईना. पोलिसांनी तपास करून यात गुन्हा नाही म्हटलं, तरी खातं परत मिळालं नाही.

सांगलीची_सून
जीपेची काळजी तर करूच नका दादा. यूपीआय एनपीसीआय या वेगळ्या संस्थेचं आहे, गूगलचं नाही, उद्या दुसरं ॲप टाकलं की तेच बँक खातं जोडून चालू. एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत असा नियमही आहे म्हणे, फक्त त्याची मुदत दर वेळी पुढे ढकलतात, आता २०२६ अखेर आहे.
पण मॅप्सचं वेगळंय. आमची खानावळ आहे, नवीन गिऱ्हाईक येतं ते मॅप्सवर शोधून, रेटिंग बघून. मी स्वतः मॅप्स फोनमधून काढून टाकलं तरी गिऱ्हाईक काढणारे का? पोराच्या शाळेचा गृहपाठ गूगल क्लासरूमवर येतो, तिथे तर मला कोणी विचारलंच नाही. तेव्हा तुम्ही काय वापराल एवढंच बघून भागणार नाही, तुमच्या भोवतीची माणसं काय वापरतील ते पण धरा.

ढगाखालचा_डेटा
वर ताई बोलल्या ते बरोबरच. माझा आणखी एक मुद्दा, जे साचत जातं ते सुटत नाही. सर्च आज बदलता येतो, त्यात आपलं काही अडकलेलं नसतं, आणि आता एआयला विचारायची सवय लागतेच आहे लोकांना. फोटोंचं तसं नाही. २०१५ ला फुकट अमर्याद जागा दिली, १ जून २०२१ पासून ती बंद, त्यानंतरचे फोटो मेल आणि ड्राइव्हसकट १५ जीबीत बसवा नाहीतर पैसे भरा. तोवर घरातल्या सगळ्या बारशांचे नि लग्नांचे फोटो तिथे जाऊन बसलेले. टेकआउट या गूगलच्याच सोयीने उतरवता येतात, पण तारीख आणि ठिकाणाची माहिती बऱ्याचदा जेसन नावाच्या वेगळ्या फायलीत येते, ती जुळवत बसायला वेळ कोणाला आहे. म्हणून माझा अंदाज, २०३५ ला तू सर्च कमी करशील आणि जागेचं भाडं जास्त भरशील.

कायद्याचा_कीस
कोर्ट सोडवेल असं धरून कोणी चालू नका. २०२४ ला अमेरिकेत जज मेहतांनी सर्चमध्ये बेकायदा मक्तेदारी आहे असा निकाल दिला, पुढच्या वर्षी क्रोम विकायला मात्र लावलं नाही. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०२२ ला १,३३७ कोटींचा दंड ठोकला. त्याने तुमच्या फोनवर काय फरक पडला, सांगा.

निवांत_कोथरूड
भारी, आता यादीला तीन रकाने केले, खातं गेलं तर काय अडतं, काय साचतंय, आणि कोणामुळे सोडता येत नाही. जीपे, क्रोम, सर्च तिन्हीकडे कोरे. फोटोज आणि मेल सगळीकडे भरलेले, म्हणजे २०३५ ला हे दोन असणारच असं समजतो. मेलपुरता स्वतःचा डोमेन (म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव) घेऊन पत्ता तिकडे हलवावा म्हणतोय, मग मेल सांभाळणारी कंपनी कधीही बदलता येईल.

जुना_खातेदार
घे, पण ऑटो रिन्यू चालू ठेव आणि कार्ड संपतं कधी त्यावर लक्ष ठेव. मुदत उलटून डोमेन दुसऱ्याने घेतला तर बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातील. आणि डोमेनच्या खात्याला रिकव्हरी मेल कुठला देणारेस, जीमेलच ना?