शब्दचर्चा: ‘आपल्यातला’

चादरवाला
‘आपल्यातला’ या शब्दाचे मराठीत नेमके किती अर्थ होतात? विचारायला कारण घडलं. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, गे आहे. आमचा सात-आठ जणांचा कट्टा आहे. तिथं ‘आपल्यातला’ म्हणजे गे. बँकेतला अमका आपल्यातला आहे, जिममधला तो उंच पोरगा आपल्यातला वाटतोय. ‘समलिंगी’ पेपरात शोभतो, तोंडात बसत नाही. ‘गे’ चारचौघांत मोठ्यानं म्हणता येत नाही. ‘आपल्यातला’ मात्र भरल्या एसटीत बोललं तरी चालतं. शेजारच्या काकांना वाटतं, सोयरिकीचं काहीतरी चाललंय.

गेल्या महिन्यात ॲपवर ओळख झालेला एक नवा पोरगा पार्कवर भेटायला आला. भेळ घेऊन बसलो. आमच्यातल्या एकानं हळूच विचारलं, “आपल्यातलाच ना बे तू?” पोरगा म्हणाला, “कुठल्या आपल्यातला?” आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही, भेळेतली मिरची बाजूला काढत बसला.

नंतर बोलता बोलता निघालं. तो सेटलमेंट या वस्तीतला. ॲपवर खरा पत्ता सांगितला की समोरचा गप्प होतो, म्हणून तो ‘जुळे सोलापूर’ लिहितो. आणि तो गेल्यावर ज्यानं आपल्यातला का म्हणून विचारलं होतं, त्यानंच मला विचारलं, “आडनाव काय रे त्याचं?”

तर शब्द एकच, पण जातीचा जुना अर्थ आमच्या नव्या अर्थाच्या पोटातून गेलाच नाही असं मला वाटायला लागलंय. कोशात काय देतात?

शुद्धलेखनवाला
कोश इथं फारसा कामाचा नाही. वापर बघा. “आमच्यात हुंडा घेत नाहीत”, “तुमच्यात मटण चालतं का?” या वाक्यांत जात हा शब्द नाही आणि तरी जातीशिवाय दुसरं काही नाही. विभक्तीचा प्रत्यय लावून आपण एक अख्खी व्यवस्था त्यात कोंबली आहे. शिवाय मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये ही सोय नाही. म्हणून ‘आपल्यातला’ जास्त लबाड. ऐकणाऱ्याला आत घेतल्यासारखं करतो आणि कुंपणही तिथंच घालतो.

पूर्वभागकर
आमच्या तेलुगूतही हा भेद आहे, ‘मनम्’ आणि ‘मेमु’. आणि ‘मनवाडु’ म्हणजे शब्दशः आपला माणूस, व्यवहारात आपल्या जातीचा. कानडीवाले ‘नम्मवरु’ म्हणतात, अर्थ तोच. सोलापुरात चार भाषा आणि चारीत एकच चौकशी.

एक गंमत. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्यांत बंगळूरच्या ट्रान्स कार्यकर्त्या अक्कई पद्मशालीही होत्या. पेपरात आमच्या जातीचं ते आडनाव वाचून माझी आजी बाकीचं वाचायच्या आत म्हणाली, “मनवाळ्ळे!” मी तिला पुढचं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, असू दे, मनवाळ्ळेच. त्या दिवशी शब्दाच्या दोन्ही बाजू एकदम कामाला आल्या. रोज येत नाहीत.

साधासरळ
धागा शब्दाचा आहे की भाषणाचा? आधीच आपण मूठभर. त्यात जात आणली की फाटाफूट. पोरगा आला, भेळ खाल्ली, संपलं. आपल्याला राजकारणात पडायचं नाही, सुखानं जगू द्या एवढंच म्हणणं आहे. अमेरिकेत बघा, सगळे एका झेंड्याखाली.

चादरवाला
@साधासरळ, अमेरिकेतला तो गे लोकांचा इंद्रधनुषी झेंडा तुम्ही नीट बघितलेला दिसत नाही. 2017 साली फिलाडेल्फियात त्याला काळा आणि तपकिरी असे दोन पट्टे जोडावे लागले, कारण तिथल्या काळ्या लोकांना गे बारमध्येच वाईट वागणूक मिळत होती. त्यावरही गोऱ्या गे लोकांनीच तक्रार केली की झेंड्यात रंग कशाला आणता. तुमचंच वाक्य, फक्त इंग्रजीत. डेटिंग ॲपवर वंश निवडून माणसं चाळायची सोय होती, ती ग्राइंडर या गे ॲपनं 2020च्या जूनमध्ये काढायचं ठरवलं, पोलिसानं केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या खुनानंतर रस्ते पेटले तेव्हा. आपल्याकडं तर चाळणीसाठी वेगळं बटणही लागत नाही. आडनाव आणि पेठ पुरते.

(तिथल्या रेसिझमला ‘वर्णद्वेष’ म्हणावं का ‘वंशवाद’? मला ‘वर्णद्वेष’ बरा वाटतो, कारण आपल्याकडं ‘वर्ण’ म्हटलं की कातडीही येते आणि चातुर्वर्ण्यही. पण तो वेगळा धागा होईल.)

राजकारणात न पडण्याबद्दल. याला लोक ‘उदासीनता’, ‘अनास्था’ म्हणतात. मला ते पटत नाही. उदासीन माणसाला कशाचंच काही नसतं. आमचा ग्रुप उदासीन अजिबात नाही. 6 सप्टेंबर 2018ला 377चा निकाल आला तेव्हा दिवसभर पेढ्यांचे फोटो पडत होते. पुढच्या वर्षी ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा झाला. त्यात ओळखपत्रासाठी कलेक्टरकडं अर्ज करायचा, आणि ट्रान्स व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. ग्रुपवर चकार शब्द नाही. एकीनं बातमी टाकली तर ॲडमिननं लिहिलं, “प्लीज नो पॉलिटिक्स.” खाली कुणीतरी गुड मॉर्निंग.

याला मराठीत फार नेमका शब्द आहे: नामानिराळा. आपल्या कामापुरतं घ्यायचं आणि बाकीच्या वेळी नामानिराळं राहायचं. पण तसं राहायला नावही तसंच लागतं. सेटलमेंटच्या पोरानं किती ठरवलं तरी त्याला कोण राहू देतंय!

कडकभाकरी
नामानिराळा झकास. आता ‘प्रिव्हिलेज’चं काय करायचं? ‘विशेषाधिकार’ म्हटलं की विधानसभा आठवते, हक्कभंगाचा ठराव वगैरे. ‘सवलत’ म्हणाल तर पंचाईत, कारण तो शब्द आपण राखीव जागांना चिकटवून ठेवलाय. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आयतं मिळालं त्यांचं ते ‘कर्तृत्व’, आणि ज्यांना उशिरा थोडं मिळालं त्यांची ‘सवलत’. शब्दांची वाटणीही कुणीतरी करून ठेवलेली आहे.

शुद्धलेखनवाला
‘मिरास’ घ्या. जुन्या महसुलात मिरासदार म्हणजे ज्याची जमीन वंशपरंपरेनं कायम, आणि उपरी म्हणजे कसायला आलेला, ज्याचा हक्क पक्का नाही. “ही काय तुमची मिरासदारी आहे का?” हे भांडणात अजूनही ऐकू येतं. वाक्यात वापरून दाखवतो: 377विरुद्ध 2016 साली गेलेल्या नवतेज जोहर यांच्या अर्जात नर्तक होते, पत्रकार होते, शेफ होत्या, हॉटेलवाले होते. त्यांनी नाव लावलं हे धाडसच, पण कोर्टात नाव लावणं परवडणं ही मिरास. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

निवृत्तमास्तर
मी तुमच्यातला नाही, कुठल्याच अर्थानं. पण सेटलमेंटचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्या सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव झालंय, मूळ काय ते पोरांना ठाऊक नसतं. इंग्रजांनी काही जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. 31 ऑगस्ट 1952ला तो कायदा गेला.

त्या कायद्याचा पहिला अवतार 1871चा. त्याचे दोन भाग होते. एक या जमातींचा, आणि दुसरा ‘युनक’ असं नाव देऊन हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा. बायकी कपडे घालून रस्त्यावर नाचलं तर अटक. हा दुसरा भाग उत्तर हिंदुस्थानात चालला, आपल्याकडं पोचला नाही, आणि 1911च्या नव्या कायद्यातून गळला. पण सरकारच्या लेखी दोघं एकाच चोपडीत होते. तुमच्या त्या पार्कवरच्या पोराचं दोन्हीकडचं नाव एका कायद्यात निघतं. तुमच्या कट्ट्यावर इतकं जुनं ‘आपल्यातलं’ दुसरं कुणी आहे का?

चादरवाला
मास्तर, हे मला माहीत नव्हतं. वाचून दाखवतो त्याला, आला तर. त्यानंतर तो आलेला नाही.

साधासरळ
इतिहास ठीक आहे. पण म्हणून आवडनिवडही ठेवायची नाही का? मला कोण आवडावं हे पण आता कमिटी ठरवणार?

कडकभाकरी
आवडा हो, कुणी धरलंय. फक्त दरवेळी आवड बरोबर सोयरिकीच्या हद्दीतच कशी थांबते तेवढं बघा. 2015 साली मुंबईत एका आईनं गे मुलासाठी नवरा पाहिजे अशी जाहिरात दिली होती. काही पेपरांनी छापलीसुद्धा नाही, बाई धाडसाचीच. त्यात होतं, जातीची अट नाही. आणि कंसात, आपल्या जातीचा असल्यास प्राधान्य. विनोदात घातलं होतं असं नंतर सांगितलं गेलं. मला तो कंस विसरता येत नाही.

सावित्रा
मी ट्रान्स बाई आहे, राहते सोलापुरातच. आमच्यात (बघा, आला शब्द) पहिला प्रश्न गुरू कोण, घराणं कुठलं. आडनाव कुणी विचारत नाही, ते तर घरीच सुटलं. तुमच्या गे पोरांच्या मीटिंगला एकदा गेले होते. खुर्ची दिली, चहा दिला, काचेच्या कपातून स्वतः घेतला आणि मला कागदी दिला. कागदी कप संपले असते तर काय केलं असतं कोण जाणे.

चादरवाला भाऊ, तुम्ही अर्थ विचारला होता. मी असा ओळखते: “आपल्यातली का?” म्हटल्यावर माणूस थांबला, तर एक अर्थ. पुढं “गाव कुठलं? पाहुणे कुणीकडचे?” आलं, तर दुसरा.