'आत्मपरीक्षण' की 'कुठे अडलं?'

गिरगावातल्या एका मराठी शाळेत मी सहावीला गणित शिकवते. धडा संपला की मुलांकडून अर्धं पान लिहून घेते. पहिल्या वर्षी पानावर मथळा होता 'आत्मपरीक्षण'. 'मी अभ्यासात लक्ष देत नाही. यापुढे मन लावून अभ्यास करीन.' पानामागून पान हेच. वाचून पोटात कालवलं. मुलांनी मला माफीनामे लिहून दिले होते.

हा शब्द मुलांच्या कानावर पडतो तो कमी मार्क पडल्यावर. वर्तमानपत्रांतही आत्मपरीक्षणाचा सल्ला हरलेल्या पक्षालाच.

यंदा मथळा बदलला: 'कुठे अडलं?' फरक व्याकरणात आहे, म्हणून इथे लिहितेय. 'मी चुकलो' यात कर्ता मी, क्रियापद माझ्याच लिंगवचनानं चालतं. 'माझं चुकलं' तर क्षमा मागण्याचंच वाक्य. 'मला इथे अडलं' म्हटलं की 'मी' चतुर्थीत सरकतो, क्रियापद नपुंसकलिंगी होतं आणि 'इथे' या शब्दाला वजन येतं. मूल त्या जागेवर बोट ठेवू शकतं.

एका मुलीनं लिहिलं: 'अपूर्णांकांचा भागाकार येतो. पण दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा ते कळत नाही.' तिची सगळी उत्तरं बरोबर होती. 'का' मीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पोळीचे पाव-पाव तुकडे किती, दोन, इथून पुन्हा सुरुवात केली.

तुमच्याकडे यासाठी कोणता शब्द वापरतात?

प्रतिसाद: ताई, मूळ शब्दावर अन्याय नको. परि + ईक्ष्, म्हणजे सगळ्या बाजूंनी पाहणं. निरीक्षण, प्रतीक्षा, अपेक्षा ही त्याच धातूची भावंडं. यात दोषारोप कुठेच नाही. शेजारी 'परीक्षा' आहे, तिची सावली पडते एवढंच. 'स्वमूल्यमापन' कसा वाटतो? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रगतिपत्रकात विद्यार्थ्यानं स्वतःचं केलेलं मूल्यमापनही यायचं आहे. नाहीतर सरळ 'आढावा'. त्यात जमलेलंही येतं, राहिलेलंही.

उत्तर: दादा, व्युत्पत्ती मान्य, आणि ती मुलांना सांगणारही आहे. 'स्वमूल्यमापन' मी वापरून पाहिला. पहिला प्रश्न आला, 'बाई, कितीपैकी?' मापन म्हटलं की आकडा आलाच. 'आढावा' मात्र आवडला. सहामाहीच्या शेवटी 'काय जमलं, काय राहिलं' लिहायला तो नेमका बसेल. रोजच्या पानाला 'अडलं'च ठेवते, कारण तो शब्द मुलांच्या तोंडात आधीपासून आहे. 'काही अडलं तर विचार' असं घरीही म्हणतात.

एक मात्र शब्दापलीकडचं. मध्ये पंधरा दिवस या पानावर पालकांची सही मागितली होती. मथळा 'कुठे अडलं?' हाच होता, तरी 'यापुढे मन लावून' लगेच परत आलं. सही बंद केली. आता पानं माझ्या कपाटात राहतात, त्यांना गुण नाहीत, आणि अडलेल्या जागेचं उत्तर मी त्याच पानावर पेन्सिलीनं लिहून परत दाखवते.