मदत हवी आहे: प्रोटीन एकच, आकडे दोन

परळला एमएस्सीचा प्रोजेक्ट करतोय. हिस-टॅगवालं (हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं) प्रोटीन निकेल कॉलमवरून काढलं, इल्युशन बफरमध्ये (प्रोटीन कॉलमवरून सोडवणाऱ्या द्रावणात) इमिडाझोल २५० मिलिमोलर. १ सेंटीमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये (सॅम्पल ठेवायची छोटी नळी) २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषणाचं रीडिंग ०.७८. (प्लॅस्टिकच्या क्युव्हेटपायी एक आठवडा आधीच गेलाय, त्यावर बोलू नका.)

सीक्वेन्समध्ये ट्रिप्टोफॅन १, टायरोसिन ६. म्हणून शोषणाचा मोलर गुणांक ५५०० + ६ × १४९० = १४,४४०. रेणुभार २७,०००. म्हणजे १ मिग्रॅ/मिलीला ०.५३५ यायला हवं, त्या हिशोबाने माझं प्रोटीन १.४६ मिग्रॅ/मिली. बीएसएच्या (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) स्टँडर्ड कर्व्हवर ब्रॅडफर्ड (रंगाने प्रोटीन मोजायची चाचणी) केलं तर ०.७. निम्मं! तीनदा केलं, तेच. ब्लँक (मशीन ज्यावर झीरो करतो ते द्रावण) नेहमीसारखा डिस्टिल्ड वॉटरचाच. सोमवारी मॅडमना आकडा द्यायचाय. ठाण्यापर्यंत लोकलमध्ये उभ्याने हेच गणित घोकतोय.

क्युव्हेटकाका: डिस्टिल्ड वॉटरचा ब्लँक? मग तिथेच पाणी मुरतंय. इमिडाझोल २८०ला शोषतं, स्वस्तातलं असेल तर जास्तच. पाण्यावर झीरो करून नुसता इल्युशन बफर लाव आणि काय येतं ते सांग. २६० आणि ३४०लाही रीडिंग घे. ३४०ला प्रोटीन शोषत नाही, तिथे काही दिसलं तर सॅम्पल गढूळ आहे, आधी सेंट्रीफ्यूजमध्ये स्पिन कर.

धागाकर्ता: काका, नुसत्या बफरचंच ०.३३! म्हणजे प्रोटीनचं उरलं ०.४५, भागून ०.८४ मिग्रॅ/मिली. ३४०ला जवळपास शून्य. बफरचा ब्लँक लावून २६०/२८० गुणोत्तर ०.६, त्यामुळे २६०ला जास्त शोषणाऱ्या डीएनएची भानगड नसावी. पण ०.७शी अजून जुळत नाही.

पिपेटवाली: जुळायचंही नाही. ब्रॅडफर्डमधला कुमासी रंग मुख्यतः आर्जिनिनला चिकटतो आणि बीएसए तो जरा जास्तच धरतं. त्यामुळे त्याच्या कर्व्हवर बरीच प्रोटीनं कमी भरतात. सीक्वेन्स हातात आहे ना? मग ०.८४ लिही, आणि ब्लँक कशाचा होता तेही. डायलिसिस (पडद्याच्या पिशवीतून बफर बदलणं) करणार असशील तर शेवटच्या बदलातला थोडा बफर राखून ठेव, ब्लँक त्याचाच लावायचा.

धागाकर्ता: आज रात्रीच लावतो. आमचा सीनियर दोन वर्षं पाण्यावरच ब्लँक घेतोय, त्याला कोण सांगणार?

क्युव्हेटकाका: त्याची थिसिस सबमिट व्हायच्या आत सांग म्हणजे झालं.