मदत हवी आहे: पायथॉनचे कीवर्ड स्वतःपुरते बदलताना एररची जागा चुकते

नमस्कार मंडळी. पायथॉनमध्ये 'इफ', 'रिटर्न' ऐवजी 'जर', 'परत' लिहायचं आहे. फक्त माझ्यापुरतं, हौस म्हणा. व्हेरिएबलची नावं देवनागरीत आवृत्ती ३ पासून चालतातच, पण कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) ग्रामरमध्येच, म्हणजे भाषेच्या व्याकरणातच, पक्के आहेत. ग्रामर बदलून सीपायथॉन (पायथॉनचा नेहमीचा इंटरप्रिटर) बिल्ड करता येतं, पण दरवर्षी नव्या आवृत्तीबरोबर तेच पुन्हा कोण करणार?

आधी सरळ फाइंड-रिप्लेस केलं. स्ट्रिंगमधले 'जर'सुद्धा बदलले गेले! आता इम्पोर्ट हुक (फाइल इम्पोर्ट होताना मध्येच चालणारा कोड) लावलाय: 'टोकनाइझ' मॉड्यूलने टोकन, म्हणजे कोडचे सुटे तुकडे, पाडायचे, 'नेम' (नाव किंवा कीवर्ड) प्रकारचं टोकन असेल तरच शब्द बदलायचा आणि मग कंपाइल करायचं. हे चालतं.

अडचण ट्रेसबॅकची, म्हणजे एरर कुठे आली ते दाखवणाऱ्या मजकुराची, आहे. ओळ बरोबर दिसते, पण ३.११ पासून चुकीच्या जागेखाली येणाऱ्या खुणा सरकतात. कारण कळलंय: सिंटॅक्स ट्रीमधला (कोडच्या रचनेच्या झाडातला) कॉलम, म्हणजे ओळीतली जागा, अक्षरांत नाही तर यूटीएफ-८ बाइटमध्ये मोजला जातो. 'परत' ९ बाइटचं, मूळ कीवर्ड ६ चा. ओळीत असे दोन-तीन शब्द आले की फरक साठत जातो.

या ट्रीमधल्या प्रत्येक नोडचा कॉलम कंपाइलच्या आधी दुरुस्त करावा असा विचार आहे. कोणी केलंय का असं? बदलांचा तक्ता ओळीगणिक ठेवावा, की याहून सोपी वाट आहे? एफ-स्ट्रिंगच्या (जिच्यात मध्येच कोड लिहिता येतो अशा स्ट्रिंगच्या) महिरपी कंसातल्या कोडचं काय करता? ३.१२ पासून त्याचे वेगळे टोकन मिळतात, पण माझ्याकडे एका मशीनवर अजून ३.११ आहे आणि तिथे अख्खी स्ट्रिंग एकच टोकन येते.

'दुसरी भाषा शिक' हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून काहीही चालेल.