लोक म्हणतात पाणी वाढलं, टेप म्हणतो नाही: पाणलोटाच्या अभ्यासात आकडे आणि मुलाखती जोडायच्या कशा?

माळरान
मराठवाड्यातल्या 12 गावांत नाला खोलीकरण आणि बंधाऱ्यांनी काय बदललं, याचा अभ्यास 18 महिन्यांत करायचा आहे. गावागणिक 10 विहिरींच्या पातळ्या आणि 15 मुलाखती असा बेत. दोन गावांत लोक ठासून सांगतात की पाणी वाढलं, पण मे महिन्याची पातळी कामांआधी होती तेवढीच खोल. चुकीचं कोण? आणि 120 विहिरी संख्याशास्त्रीय चाचणीला पुरतील ना?

खडकपाणी
कुणीच चुकीचं नसेल. पाणी वाढलं की तूर-कापसाच्या जागी ऊस-मोसंबी येते, उपसा वाढतो आणि मेपर्यंत पातळी पुन्हा तळाला जाते. नुसती पातळी पाहिली तर हा फेरा दिसतच नाही. तिच्या जोडीला चालू बोअरची संख्या व खोली, रब्बी-उन्हाळी पिकांखालचं क्षेत्र आणि प्लास्टिक अस्तराची शेततळी मोजा. शेततळं कागदावर पावसाच्या पाण्याचं असतं, पण अस्तर घातलेलं तळं अनेकदा बोअरनेच भरतात. तिथे भूजल वर आणून उन्हात ठेवलेलं असतं, त्याला साठवण म्हणू नका. ई-पीकपाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून केलेली पिकांची नोंद, 2021 पासूनची आहे. त्याआधीच्या क्षेत्रासाठी तलाठ्याच्या नोंदीवर विसंबण्यापेक्षा सेंटिनेल-2 ची फुकट उपग्रहचित्रं बघा, 10 मीटरच्या तपशिलाची. फेब्रुवारी आणि एप्रिल अशी दोन घेतली की रब्बी आणि उन्हाळी हिरवळ वेगळी कळते.

मोजताना कठड्यावर रंगाची कायम खूण करा आणि जमिनीपासून कठड्याची उंची वजा करा. मोटर बंद होऊन किती तास झाले ते प्रत्येक नोंदीत हवं. शेतीची वीज रात्रपाळीची असेल तर सकाळची पातळी उपशानंतरची निघते, आणि पाळी बदलली की आकडे उगाच उड्या मारतात. विहीर आणि बोअर एका रकान्यात घालू नका. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, विहीर वरच्या झिजलेल्या, मुरमाड थराचं पाणी दाखवते, बोअर खालच्या भेगांचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे जुन्या नोंदींशी तुलना जमेल.

आकडेमोड
चाचणीपुरत्या 120 नाहीत, 12 आहेत. एका गावातल्या विहिरी एकाच पावसावर आणि एकाच नाल्यावर जगतात, त्यांना सुटं धरलं की खोटा आत्मविश्वास येतो. सरासरीची चाचणी सोडा, प्रत्येक गावाचा पाऊस आणि पातळी यांचा एकत्र आलेख काढा. त्यात जी गावं पावसाच्या मानाने फार चांगली किंवा फार वाईट दिसतील, तिथे मुलाखती वाढवा. सगळीकडे सारख्या 15 कशाला? चार गावांत 25 आणि बाकी ठिकाणी 10 केल्या तरी बेरीज तीच, 180.

शिवारफेरी
‘पाणी वाढलं का?’ असं विचारलंत तर होकारच मिळेल, कामाची पाटी गावात लागलेली असते. शेतकरी पाणी मोटरच्या तासांत मोजतो. ‘मार्चमध्ये मोटर किती तास चालते? वीज जायच्या आधी विहीर उपसते का?’ असं विचारा. मागचं आठवायला 2018 चा दुष्काळ, लॉकडाऊनचा उन्हाळा अशा खुणा द्या. नाल्याकाठचे आणि माळावरचे शेतकरी वेगवेगळे बसवा. बायका आणि भूमिहीन मजुरांची बैठकही स्वतंत्र हवी. विहीरवाल्यांसाठी वाढलेलं पाणी नळाला आलेलंच नसतं, हे तिथेच कळतं.

माळरान
तुलनेसाठी कामं न झालेली चार गावं घेतली आहेत, खालच्या अंगाची. चालतील?

खडकपाणी
खालच्या अंगाची नकोत. वर नाला अडवला की खालचं पाणी कमी होऊ शकतं, मग फरक आहे त्याहून मोठा दिसेल. खडक तोच पण ओढा दुसरा, अशी शेजारची गावं घ्या. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर भागवू नका, एकाच मंडळात दोन गावांचा पाऊस निराळा पडतो. प्रत्येक गावात साधा मापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद ठेवा.

आकडेमोड
आणि मोजणी-मुलाखतींच्या दुसऱ्या फेरीआधी प्रत्येक दाव्यासमोर दोन ओळी लिहून ठेवा: बंधाऱ्यामुळे बदल झाला असेल तर काय दिसायला हवं, नुसत्या चांगल्या पावसामुळे झाला असेल तर काय. बंधाऱ्याचा परिणाम असेल तर फरक आधी काठच्या विहिरींत दिसेल, पावसाचा असेल तर माळावरही. नंतर लिहायला बसलात तर हाताशी असलेला पुरावा नेमका आवडत्या उत्तरालाच चिकटतो.